मास्क भाजावा की वाफवावा?

कुकरच्या तळाशी घडी घातलेला छोटा टॉवेल, त्यावर एन-९५ मास्क, वर झाकण. आत पाण्याचा थेंबही नाही. मग १०० अंश सेल्सिअसच्या आसपासची कोरडी उष्णता ५० मिनिटं टिकू द्यायची. २०२० मध्ये, करोनाच्या महासाथीत मास्क अपुरे पडत असताना, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन संकुलात ही कृती बसवली गेली. ती बसवणाऱ्या दोन प्राध्यापकांचा पाककलेशी संबंध नव्हता. थान्ह हेलन न्गुयेन पाण्यातल्या रोगजंतूंच्या अभ्यासक, तर विशाल वर्मा हवेतल्या सूक्ष्म प्रदूषणकणांचे. एकीला विषाणू मेला की नाही ते तपासता येत होतं, दुसऱ्याला मास्क अजून कण अडवतो का ते. मास्क पुन्हा वापरायचा तर या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वेळी ‘हो’ यावी लागतात, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

टॉवेलचं काम बारीक पण महत्त्वाचं. कुकरचा तळ आतल्या हवेपेक्षा बराच जास्त तापतो. मास्क पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकचा असतो. ते वितळायला १६० अंशांच्या आसपास तापमान लागत असलं, तरी त्याआधीच ते मऊ पडून आकार सोडायला लागतं. तापलेल्या धातूला टेकलेली कड वाकडी झाली की तो मास्क चेहऱ्यावर नीट बसत नाही. म्हणून मध्ये कापडाची घडी. या पद्धतीने वीस वेळा तापवल्यावरही मास्कची गाळणक्षमता ९५ टक्क्यांच्या वर राहिली आणि तो चेहऱ्यावर पूर्वीसारखाच बसला, असं या गटाला दिसलं. चार वेगवेगळ्या विषाणूंवर चाचणी झाली, त्यांत एक करोनाच्या कुळातला होता.

मग तो सरळ धुवायचाच का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. मळलं की धुवायचं, हीच आपली सवय. गरम पाणी, साबण, त्यात दोन थेंब डेटॉल, आणि दोरीवर वाळत. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी गॅलऱ्यांत निळे-पांढरे मास्क चिमट्याला लटकत होते. कापडी मास्कसाठी हे योग्यच होतं. एन-९५ मात्र अशा धुण्याने आतून निकामी होतो, आणि बाहेरून तसं काहीच दिसत नाही.

मास्क ही बारीक चाळण आहे, असं समजलं की ही चूक होते. त्याच्या मधल्या थरातले धागे काही मायक्रॉन जाडीचे असतात आणि त्यांच्यातली भोकं विषाणूच्या मानाने प्रचंड. करोनाचा विषाणू जेमतेम ०.१ मायक्रॉनचा, तो ज्या तुषारांवर स्वार होऊन येतो तेही बहुधा त्या भोकांतून निसटू शकतात. भोकं बारीक केली तर श्वासच घेता येणार नाही. यावर तोडगा म्हणून या थराला कारखान्यातच विद्युतभार दिलेला असतो. वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोताने फुंकून धागे काढतात, त्यांचा नमदा तयार होतो आणि मग तो उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्रातून नेतात. भार धाग्यांत मुरून राहतो. जवळून जाणारा कण त्याकडे ओढला जातो आणि चिकटतो. जाळी विरळ ठेवूनही गाळण चोख होते ती यामुळे.

ही भार देण्याची पद्धत विकसित करणारे पीटर त्साय तैवानमध्ये जन्मले आणि टेनेसी विद्यापीठात नॉक्सव्हिलला मटेरियल्स सायन्सचे प्राध्यापक होते. महासाथ आली तेव्हा ते निवृत्त झालेले होते. अमेरिकेतल्या रुग्णालयांत मास्क संपत चालले, तशी त्यांना विचारणा होऊ लागली: वापरलेला मास्क पुन्हा कसा वापरायचा? त्साय यांनी घरीच प्रयोग मांडले. ओव्हन, ऊन, उकळतं पाणी, वाफ, सगळं करून पाहिलं. त्यांनी सुचवलेले दोन मार्ग अगदी साधे होते. एक म्हणजे सुमारे ७० अंशांच्या ओव्हनमध्ये मास्क धातूला न टेकवता तासभर लटकवायचा. दुसऱ्याला तर वीजही लागत नाही: सात मास्क घ्यायचे, रोज एक वापरायचा आणि आठवडाभराने त्याची पाळी पुन्हा येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तोवर त्यावरचा बहुतेक विषाणू आपोआप निकामी होतो. कागदी पाकिटावर वार लिहून मास्क ठेवण्याची पद्धत भारतातल्या डॉक्टर आणि परिचारिकांनीही वापरली, ती याच तर्कावर.

अल्कोहोल मात्र घातक. इथे बहुतेकांना धक्का बसतो, कारण सॅनिटायझरची बाटली त्या वर्षी खिशात, टेबलावर, रिक्षात, सगळीकडे होती आणि मास्कवर दोन फवारे मारणं अगदी शहाणपणाचं वाटे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले यी कुई आणि नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन चू यांच्या गटाने मधल्या थराचं कापड वेगवेगळ्या उपायांनी तपासलं. अल्कोहोलमध्ये भिजून वाळलेल्या कापडाची क्षमता एकाच खेपेत ९५ टक्क्यांवरून साठच्याही खाली घसरली. क्लोरीनच्या द्रावणानेही मोठी घट झाली. विषाणू मेला खरा, पण धाग्यांतला भारही गेला. असा मास्क हातात घेतला तर नव्यासारखाच दिसतो, वासही छान येतो.

उकळत्या पाण्यावर धरलेली वाफ पहिल्या काही खेपांना चालून गेली. दहाव्या खेपेपर्यंत मात्र क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास आली. वाफेचं पाणी धाग्यांवर थेंबाथेंबाने साचतं आणि भार हळूहळू निघून जातो. याउलट ८५ अंशांपर्यंतची उष्णता, तीही हवेत थोडा दमटपणा असताना, त्याच कापडाने पन्नास खेपा सोसली. दमट गरम हवा चालते, ओली वाफ चालत नाही. फरक इतका नाजूक आहे.

विषाणू मारायचा तर दमटपणा मदतच करतो. करोनाचा विषाणू म्हणजे स्निग्ध आवरणात गुंडाळलेली प्रथिनं आणि आरएनए. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते. द्रवातला विषाणू ७० अंशांना पाच मिनिटांत निकामी होतो, असं हाँगकाँगच्या संशोधकांना २०२० मध्येच आढळलं होतं. पण त्यांनाच सर्जिकल मास्कच्या बाहेरच्या थरावर सातव्या दिवशीही तो सापडला. वाळलेल्या लाळेत अडकलेला विषाणू कोरड्या उष्णतेला जास्त वेळ तोंड देतो. ओलावा असला की लवकर मरतो. म्हणूनच कोरड्या कुकरला १०० अंश आणि पाऊण तासाहून अधिक वेळ द्यावा लागला.

हार्वर्डमधल्या एका गटाने यावर देखणा उपाय काढला. एरवी हे भौतिकशास्त्रज्ञ रेणूंना निरपेक्ष शून्याजवळ गोठवण्याच्या खटपटीत असतात. २०२० मध्ये ते मास्क तापवू लागले. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत मास्क आणि जेमतेम अर्धा मिलिलिटर पाण्याने ओलावलेला कागदी रुमालाचा तुकडा. डबा ८५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. पाण्याची वाफ होते, पण ती इतकी थोडी की मास्कवर थेंब जमत नाहीत; हवा मात्र दमट होते. असे कितीतरी डबे एका वेळी एका मोठ्या ओव्हनमध्ये मावतात, आणि एकाचा मास्क दुसऱ्याच्या मास्कला लागत नाही. सगळ्या पद्धतींत ही सर्वांत चतुर वाटते, कारण हवेतलं पाणी इथे डब्याच्या आकारावरच मोजून टाकलेलं असतं.

आता आकड्यांतली एक विसंगती. स्टॅनफर्डला पन्नास खेपा, इलिनॉयला वीस, हार्वर्डने तपासल्या पाच. आणि मोंटाना राज्यातल्या हॅमिल्टन गावी अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेची रॉकी माउंटन प्रयोगशाळा आहे, तिने सांगितल्या फक्त दोन. तिथेही ७० अंशांची कोरडी उष्णताच वापरली होती. मग कोण खरं?

सगळेच. मोंटानात प्रत्यक्ष करोनाच्या विषाणूवर चाचणी झाली आणि मास्क खऱ्या माणसांनी घातले. कर्मचाऱ्यांनी दोन-दोन तास मास्क लावायचा, मग तो तापवायचा, पुन्हा लावायचा. तिसऱ्या खेपेला मास्क नीट बसेनासे झाले. कापड शाबूत होतं. सैल पडली ती घडण. स्टॅनफर्डने तपासला होता कापडाचा तुकडा, आणि तुकड्याला ना नाडी असते, ना नाकपट्टी, ना समोर जबडा. एन-९५ घालणं आणि काढणं यानेच तो झिजतो: रबरी पट्ट्या ताणतात, नाकावरची धातूची पट्टी वाकून वाकून दाब सोडते, आतला फोम चपटा होतो. एकच मास्क पाचापेक्षा जास्त वेळा लावू नये, असा सल्ला अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने (सीडीसी) दिला होता, तो या झिजेमुळेच. तापवण्याचे आकडे किती मोठे आहेत यावर वर्तमानपत्रांचे मथळे झाले. खरी मर्यादा डोक्यामागच्या पट्टीने ठरवली.

मास्क नीट बसतो का, हे तपासण्याची पद्धत पाहण्यासारखी असते. माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवतात आणि त्यात सॅकरिनचे किंवा एखाद्या कडू रसायनाचे तुषार फवारतात. मास्क लावलेल्या माणसाने मान डावी-उजवीकडे वळवायची, वर-खाली करायची, खोल श्वास घ्यायचा, एक उतारा मोठ्याने वाचायचा. जिभेला गोड किंवा कडू लागलं की मास्क नापास. कापडाची चाचणी वेगळी: मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत सोडून मिनिटाला ८५ लिटर या वेगाने ती हवा मास्कमधून ओढतात आणि पलीकडे किती कण पोहोचले ते मोजतात. घरी यातलं काहीच होत नाही. तिथे आरशासमोर उभं राहून दोन्ही तळवे मास्कवर ठेवायचे, जोरात श्वास सोडायचा आणि कडेने हवा येते का ते बघायचं, इतकंच शक्य असतं. चष्म्याच्या काचांवर वाफ धरली तर वरची कड सुटली आहे, हेही लक्षात येतं.

आपल्याकडे कुकर म्हटल्यावर शिट्टीचा कुकर डोळ्यांसमोर येतो. इलिनॉयचा प्रयोग त्यात करण्याच्या फंदात कोणी पडू नये. तो कुकर विजेवरचा होता, त्यातली उष्णता नियंत्रित होती आणि आत दाब नव्हता. शिट्टीच्या कुकरमध्ये पाणी न घालता आच लावली की गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांची वाट लागते. पाणी घातलं तर आत दाबाखालची ओली वाफ १२० अंशांच्या आसपास जाते. रुग्णालयातल्या ऑटोक्लेव्हचं तापमानही साधारण तेच, आणि त्यात कपाच्या आकाराचे बरेच मास्क बिघडतात. मायक्रोवेव्हमध्ये नाकावरच्या धातूच्या पट्टीमुळे ठिणगी उडू शकते. आणि ऊन? विदर्भातल्या मे महिन्यातही पारा ४७ अंशांपर्यंत जातो, ७० पर्यंत नाही.

तापवलेला मास्क दुसऱ्याला द्यायचा नाही, हा नियम सगळ्या पद्धतींत सारखा आहे. ७० किंवा ८५ अंशांनी करोनासारखे आवरण असलेले विषाणू मरतात. काही जीवाणूंचे बीजाणू त्याला जुमानत नाहीत. घाम, मेकअप, धूळ तर तशीच राहते. सगळं निर्जंतुक करून मास्क एकमेकांत मिसळायचे असतील, तर जड यंत्रणा लागते. ओहायोतल्या कोलंबसच्या बॅटेल संस्थेने मालवाहू कंटेनरांत हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडणारी यंत्रणा उभारली. एक यंत्रणा दिवसाला ८०,००० मास्क हाताळू शकेल, असा तिचा दावा होता. मार्च २०२० च्या अखेरीस तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) तातडीची परवानगी मिळाली, एका मास्कला वीस खेपांपर्यंत. पुरवठा सुरळीत झाल्यावर एफडीएने अशा सर्व परवानग्या जून २०२१ च्या अखेरीस मागे घेतल्या.

महाराष्ट्रात त्याआधीच हिशेब बदलला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली: तीन पदरी मास्क ४ रुपये, एन-९५ प्रकारानुसार १९ ते ४९ रुपये. चार रुपयांच्या मास्कसाठी पाऊण-एक तास वीज जाळण्यात अर्थ नव्हता. अडीचशे-तीनशेला घेतलेला एन-९५ जपून वापरणाऱ्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरला तो अर्थ काही महिने नक्कीच होता.

पट्टी सैल पडली, नाकपट्टी दबेना, आतला भाग ओलसर राहू लागला किंवा डाग दिसला की तो मास्क कितीही तापवून उपयोग नाही. घरगुती मास्क टाकण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची महासाथीच्या काळातली सूचना अशी होती: कागदी पिशवीत किमान ७२ तास वेगळा ठेवायचा आणि मग कात्रीने कापून सुक्या कचऱ्यात टाकायचा. कापायचा अशासाठी, की कचऱ्यातून उचलून, धुऊन, इस्त्री करून तो पुन्हा कोणी विकू नये.