संयोगदांड्याचे बोल्ट

अंतर्ज्वलन एंजिनातील दट्ट्याची पुढेमागे होणारी गती भुजादंडाच्या परिभ्रमणात बदलणाऱ्या दांड्याला संयोगदांडा म्हणतात. दुरुस्तीच्या कारखान्यांत तो कनेक्टिंग रॉड याच नावाने ओळखला जातो. त्याचे मोठे टोक भुजादंडाच्या खिळीभोवती बसविता यावे म्हणून ते दोन भागांत केलेले असते आणि खालचा भाग, म्हणजे टोपी, दांड्याला बहुधा दोन बोल्टांनी आवळतात. बोटाएवढ्या जाडीचे हे बोल्ट एंजिनातील अत्यंत जोखमीचे भाग होत. त्यांतील एक तुटला की टोपी उघडते, दुसरा बोल्ट क्षणात वाकून तुटतो आणि मोकळा झालेला दांडा एंजिनाच्या ठोकळ्याची भिंत फोडून बाहेर येतो. अशा वेळी ठोकळा व भुजादंड दोन्ही बहुधा निकामी होतात.

अधिक अश्वशक्तीच्या एंजिनात अधिक बळकट बोल्ट घालावेत, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धवट खरा आहे. ज्वलनाच्या वेळी दट्ट्यावर पडणारा वायूचा दाब दांड्याला दाबतो. तो भार दांडा व धारवा यांवर येतो, बोल्टांवर नाही. बोल्टांना ताणते ते दट्ट्याचे जडत्व. उत्सर्जन धावेच्या अखेरीस दट्ट्या वर जात असताना त्याला थांबवून खाली खेचावे लागते आणि ती ओढ टोपीमार्फत बोल्टांवर येते. हा भार दट्ट्याच्या वस्तुमानाच्या व धावेच्या प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

शेतीपंपासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सिलिंडराच्या डीझेल एंजिनाचे उदाहरण घेता येईल. सिलिंडराचा व्यास ८७·५ मिमी., धाव ११० मिमी., वेग मिनिटास १,५०० फेरे आणि दट्ट्यासह पुढेमागे होणारे वस्तुमान २ किग्रॅ. मानल्यास बोल्टांवर येणारी एकूण ओढ सु. ३४० किग्रॅ. भरते. ज्वलनाचा कमाल दाब दर चौ. सेंमी.ला ६० किग्रॅ. धरला, तर दांड्यावरील दाबाचा भार सु. ३,६०० किग्रॅ., म्हणजे दसपटीहून अधिक होतो. इंधन व हवा वाढवून हा दुसरा आकडा कितीही चढविला, तरी बोल्टांना त्याची फारशी झळ लागत नाही. मात्र वेग १,५०० वरून २,२५० फेऱ्यांवर नेला, तर पहिला आकडा सव्वादोन पट, सु. ७६५ किग्रॅ. होतो.

भारतीय रेल्वेच्या डीझेल एंजिनांवरून हाच भेद ध्यानात येतो. वाराणसी येथे १९६४ पासून बनू लागलेल्या सोळा सिलिंडरांच्या डब्ल्यूडीएम-२ एंजिनाची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. त्याच घराण्यातील डब्ल्यूडीएम-३ए एंजिनाची ३,१०० अश्वशक्ती झाली. ही वाढ मुख्यत्वे टर्बोभारक व इंधनपुरवठा यांतील सुधारणांमुळे झाली, वेग वाढविल्यामुळे नव्हे.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः ट्रॅक्टरांच्या संदर्भात उद्‌भवतो. ढोकी, रांजणी इ. ठिकाणच्या साखर कारखान्यांकडे गळीत हंगामात उसाच्या भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात. चढावर एंजिन कण्हत असते, म्हणून धोका तेथेच आहे असे चालकास वाटते. वास्तविक बोल्टांच्या दृष्टीने धोका उतारावर असतो. तुळजापूरच्या घाटासारख्या उतारावर खालच्या गिअरमध्ये मागचा भार चाकांना व चाके एंजिनाला ढकलू लागतात. वेगनियंत्रक केवळ इंधन तोडू शकतो. बाहेरून फिरविल्या जाणाऱ्या एंजिनाला तो रोखू शकत नाही. शिवाय ज्वलन थांबल्यामुळे जडत्वाच्या ओढीला विरोध करणारा ज्वलनाचा दाबही नाहीसा होतो. वेगनियंत्रकाची मोहोर तोडून फेरे वाढविण्याची खोड याहून वाईट, कारण तिच्यामुळे हा जादा भार रोजचाच होतो. याउलट विंधन विहिरी खोदणाऱ्या यंत्रांवरील संपीडकांची एंजिने कित्येक पट शक्तिशाली असली, तरी ठरलेल्या वेगाने चालतात. तेथे बोल्टांपेक्षा वंगण व शीतन यांची काळजी अधिक घ्यावी लागते.

बोल्ट सहसा एका झटक्याने तुटत नाही. तो शिणवट्याने तुटतो. आवळताना त्यात निर्माण केलेला पूर्वताण बाहेरील ओढीहून पुरेसा अधिक असेल, तर टोपी व दांडा यांतील सांधा उघडत नाही आणि दर फेऱ्याला होणाऱ्या भारबदलाचा अल्प अंशच बोल्टापर्यंत पोहोचतो. सैल बोल्टास मात्र प्रत्येक हिसका सोसावा लागतो. म्हणून उत्तम पोलादाचा पण कमी आवळलेला बोल्ट हा साध्या पण नीट आवळलेल्या बोल्टापेक्षा आधी तुटतो. पान्यावर लावलेल्या पीळातील सु. एक दशांश भागच ताणात उतरतो, बाकीचा घर्षणात जातो. त्यामुळे मळसूत्र कोरडे, गंजलेले वा मातकट असल्यास पान्यावरील आकडा फसवा ठरतो. बोल्टाची वाढलेली लांबी मोजणे हा अधिक विश्वसनीय मार्ग होय. काही एंजिनांत ठराविक पीळानंतर ठराविक कोनातून बोल्ट फिरवून तो प्रवाहबिंदूपर्यंत ताणतात. असे बोल्ट एकदा उघडल्यावर पुन्हा वापरू नयेत. जुनेच बोल्ट परत घालण्याची काटकसर एंजिनाच्या किमतीच्या मानाने अगदीच क्षुल्लक असते.

मूळ वेग कायम असेल, तर निर्मात्याचेच नवे बोल्ट पुरेसे होतात. शर्यतीसाठी किंवा अन्य कारणाने वेग वाढविलेला असेल अथवा जड दट्ट्ये बसविले असतील, तरच वरच्या प्रतीचे बोल्ट घेणे सयुक्तिक ठरते. १२·९ वर्गाच्या बोल्टांचे अंतिम ताणबल दर चौ. मिमी.ला सु. १,२०० न्यूटन असते, परंतु इतक्या कठीण पोलादास जस्ताचा विद्युत् विलेप दिल्यास हायड्रोजनामुळे ठिसूळपणा येऊ शकतो. बाजारातील कोणताही चकचकीत बोल्ट केवळ मळसूत्र जुळते म्हणून घालणे यामुळे घातक ठरते. बोल्ट बदलल्यावर वाढीव पूर्वताणाने मोठ्या टोकाचे भोक किंचित लंबगोल होते. म्हणून नवे बोल्ट पूर्ण आवळून भोक मोजावे लागते आणि आवश्यक तर घासून पुन्हा गोल करावे लागते. नाही तर धारव्यातील तेलाचा पापुद्रा तुटतो, धारवा चिकटतो आणि ज्या अपघातासाठी बोल्ट बदलले तोच घडून येतो.