जिन्यावरचा विसावा

चार मजल्यांचा जिना चढताना आजोबा दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबतात. मागून येणारा नातू म्हणतो, "चला ना आजोबा, थोडंच राहिलंय!" त्या क्षणी आजोबांच्या मांड्यांत काय घडत असते हे ठाऊक असते, तर त्याने असा आग्रह धरला नसता.

स्नायूंचे आकुंचन एटीपी नावाच्या रेणूतील ऊर्जेवर चालते. जोरकस श्रमात त्याचा तयार साठा जेमतेम दोन-तीन सेकंद पुरतो. मग क्रिएटिन फॉस्फेट मदतीस येते. तेही दहा सेकंदांच्या आसपास ओसरते. पुढे स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, प्राणवायूविना वापरली जाऊ लागते. ही ऊर्जा झटपट मिळते, पण बेताचीच: ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे निव्वळ 2 रेणू. प्राणवायूच्या साहाय्याने तेच सुमारे 30 मिळतात. मात्र हृदय व फुप्फुसांना तो पुरवठा वाढवण्यास वेळ लागतो.

या घाईच्या मार्गाने लॅक्टेट तयार होते. ते निव्वळ टाकाऊ नव्हे; यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवते. हे चक्र उलगडणाऱ्या कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला 1947 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. रक्तातील वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात निवळते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा ठणका त्याचा नसून, सवय नसलेल्या श्रमाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचा असतो.

दोन-तीन मिनिटे थांबल्यास क्रिएटिन फॉस्फेटचा बराचसा साठा भरून निघतो. तेव्हा थांबणे हा आळस नव्हे; ती पुढच्या पायऱ्यांची शिदोरी आहे.

वयाबरोबर वेगवान स्नायुतंतू अधिक झिजतात. तोल जाताना पाऊल चटकन सावरणारे तंतू हेच. त्यांना जपण्यासाठी भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून पाच-सहा वेळा उठावे-बसावे, विसावा घ्यावा, पुन्हा करावे. श्वास रोखू नये; त्याने रक्तदाब चढतो. हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण, थंड घाम किंवा भोवळ आल्यास तो साधा थकवा समजू नये. तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

एरवी मात्र नातवाने घाई न करता आजोबांच्या शेजारी दोन मिनिटे उभे राहावे. उरलेले दोन मजले ते आपल्याच पायांनी चढतील.