दोन दिवसांचं जंक्शन

मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात गाडी पळवणं हे सर्वांत सोपं काम. खरी परीक्षा आदल्या संध्याकाळी, भाड्याची व्हॅन शाळेच्या मागच्या दाराशी लागते तेव्हा. इंग्लंडमधल्या लहानसहान गावांतून हे दृश्य वर्षभर दिसत असतं. शाळेचा खेळांचा हॉल, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, आणि साठी ओलांडलेले चार गृहस्थ एक लांबट फळी जराही कलू न देता आत आणताहेत. फळीवर अर्धं स्टेशन आहे. उरलेलं अर्धं अजून व्हॅनमध्ये.

या फळीला बेसबोर्ड म्हणतात. ती बहुधा चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असते, कारण तेवढीच गोष्ट दोन माणसांना जिन्यावरून उतरवता येते आणि मोटारीच्या मागच्या भागात आडवी राहते. म्हणजे स्टेशन कुठे तोडायचं हे मोटारीचा दरवाजा ठरवतो. दोन फळ्या जुळतात तिथे पितळी खुंट्या बसवलेल्या असतात, एका फळीत खुंटी आणि दुसरीत तिचं घर. रुळांची टोकं तांब्याचा पत्रा चढवलेल्या स्लीपरवर झाळलेली असतात. एका प्रदर्शनात मी अशा सांध्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. तिथल्या गृहस्थांनी आधी डोळा रुळाच्या पातळीला नेला, मग नख सांध्यावरून फिरवलं. नख अडलं. खालचा बोल्ट पाव फेरा सैल केला, पुन्हा नख. मग एक एकुलता मालडबा हाताने ढकलून पाहिला. इंजिन बाहेर काढायची त्यांना काडीचीही घाई नव्हती.

घाई नसण्याला कारण आहे. सकाळी थंड असलेला हॉल दुपारी माणसांनी तापतो, लाकूड आणि धातू आपापल्या गतीने फुगतात, आणि सकाळी विनातक्रार धावणारी गाडी दोन वाजता त्याच सांध्यावर घसरते. घरी माळ्यावर मांडलेली रेल्वे बंद पडली तर चहा प्यायला खाली जाता येतं. इथे समोर पोरं उभी असतात. हा छंद खेळण्यातून कारागिरीत गेला तो या उघड्यावर चालवण्याच्या सक्तीमुळे, असं माझं मत आहे. एकट्याने केलेल्या कामात माणूस स्वतःला बऱ्याच गोष्टी माफ करतो.

माफीचा सर्वांत जुना वाद मापाचा. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण या हॉलमध्ये अशा गोष्टीवरून मैत्र्या तुटतात. युरोप-अमेरिकेत एचओ हे प्रमाण चालतं, म्हणजे मूळच्या १:८७, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद. ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगाने लहान. जुन्या काळच्या विजेच्या मोटरी १:८७ च्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. तेव्हा तिथल्या उत्पादकांनी इंजिनं आणि डबे १:७६ या मोठ्या प्रमाणात केले आणि रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचाच ठेवला. याचं नाव ओओ. हॉर्नबीच्या मूळ कंपनीने १९३८ मध्ये हॉर्नबी डब्लो बाजारात आणली आणि ही तडजोड कायमची रुजली. हिशोब केला तर ब्रिटनमधल्या बहुतेक मॉडेल गाड्या खऱ्या चार फूट साडेआठ इंचांच्या ऐवजी जेमतेम चार फूट दीड इंचाच्या रुळावर धावतात. समोरून पाहिलं की इंजिन अरुंद पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. ज्यांना ते सहन होत नाही त्यांनी रूळ १८.२ मिलिमीटरपर्यंत रुंद केला, आणि ज्यांना तेही खपलं नाही त्यांनी १८.८३ मिलिमीटरचा नेमका रूळ धरला. त्या शेवटच्या पंथाची वेगळी सोसायटी आहे, वेगळी प्रदर्शनं आहेत. त्यांच्याकडे पुष्कळसं काम हाताने करावं लागतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांत कधी एक साइडिंग पुरी होते. मला ही माणसं आवडतात, पण त्यांच्या लेआउटसमोर, म्हणजे मांडलेल्या रेल्वेसमोर, मुलं फार वेळ थांबत नाहीत.

थांबत नाहीत याला आणखी एक कारण आहे. उत्तम लेआउटवर बराच वेळ काहीच हलत नसतं. मागच्या पडद्याआड फिडल यार्ड असतं. तिथे गाड्या रांगेत उभ्या असतात आणि एक माणूस त्या हाताने लावत असतो. तो आणि पुढच्या सिग्नलचा माणूस यांच्यात घंटेचं बोलणं चालतं. चार ठोके म्हणजे एक्स्प्रेस येऊ देतोस का, दोन ठोके म्हणजे गाडी हद्दीत शिरली. उत्तर आल्याशिवाय सिग्नल पडत नाही. खऱ्या ब्रिटिश रेल्वेची ही रीत, हॉलच्या गोंगाटात जशीच्या तशी. मालगाडीचे डबे जोडायचे असतील तर तीन कड्यांची खरीखुरी साखळी असते. माणूस वाकवलेल्या तारेचा आकडा पेनाएवढ्या टॉर्चला बांधून, श्वास धरून, ती कडी अडकवतो. त्याच वेळी कठड्यापलीकडून एक चिमुरडी विचारते, "गाडी बिघडली का?" संयोजकांना हा पेच चांगला ठाऊक असतो. म्हणून हॉलच्या दाराशी अखंड गोल फिरणारी एक रेल्वे ठेवलेली असते. जाणकार तिच्याकडे तुच्छतेने पाहतात. तिकिटांचे पैसे तिच्यावर येतात आणि त्यातून क्लबचं वर्षाचं भाडं निघतं.

क्लबांची ही व्यवस्था जुनी आहे. लंडनचा 'मॉडेल रेल्वे क्लब' १९१० मध्ये स्थापन झाला. जगातला सर्वांत जुना आपणच, असं तो सांगतो. त्याचं ईस्टरचं प्रदर्शन वेस्टमिन्स्टरच्या सेंट्रल हॉलमध्ये भरत असे. त्याच्याही आधी नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोकने जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून ब्रिटिश नमुन्याची इंजिनं करून घ्यायला सुरुवात केली होती, पण ती गिऱ्हाइकी श्रीमंतांची. छंद मध्यमवर्गात उतरवला क्लबांनी, आणि त्यात पाद्र्यांचा भरणा डोळ्यांत भरण्यासारखा. थॉमस द टँक इंजिनचे जनक रेव्हरंड ऑड्री आपली 'फारक्वार' नावाची मॉडेल रेल्वे घेऊन प्रदर्शनांतून जात. रेव्हरंड पीटर डेनी यांनी 'बकिंगहॅम' नावाची रेल्वे कित्येक दशकं वाढवली. तिच्या पलीकडच्या टोकाला घंटेचे संकेत देण्याघेण्याचं काम मुलाच्या जागी करणारं एक यंत्र त्यांनी बनवलं. नाव ठेवलं 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. क्रिस्पिन हे मुलाचं नाव. त्या मुलाला हे ऐकून काय वाटलं असेल कोण जाणे.

लंडनच्या त्या क्लबाला १९६० पासून किंग्ज क्रॉसजवळ स्वतःची इमारत आहे, कीन हाउस. तिथे 'कोपनहेगन फील्ड्स' हे लेआउट १९८० च्या दशकापासून बांधलं जात आहे. किंग्ज क्रॉसच्या उत्तरेकडचं, दोन महायुद्धांच्या मधलं लंडन, १:१५२ या प्रमाणात. तिथे एका फुटाला दोन मिलिमीटर, म्हणजे पूर्ण वाढलेला माणूस तांदळाच्या दोन दाण्यांएवढाही उंच नाही. यातली खुबी मागच्या बाजूला आहे. जसजशी वस्ती मागे जाते तसतशी घरं प्रमाणापेक्षा लहान होत जातात, रस्ते निमुळते होतात, आणि थोड्याशा खोलीत मैलभर शहर पसरल्याचा भास होतो. म्हणजे एकीकडे रुळाच्या दशांश मिलिमीटरवर प्राण द्यायचा आणि दुसरीकडे उघडउघड खोटं माप घ्यायचं. दोन्ही एकाच लेआउटवर, एकाच माणसांकडून. डोळ्याला खरं वाटणं आणि फुटपट्टीला खरं असणं यांतला फरक या मंडळींना पक्का कळतो.

इतकं काम एका रात्रीत मोडता येतं. १८ मे २०१९ ला सकाळी मार्केट डीपिंग मॉडेल रेल्वे क्लबचे सभासद स्टॅमफर्डमधल्या एका शाळेच्या हॉलवर पोहोचले. आदल्या संध्याकाळी मांडून ठेवलेलं प्रदर्शन त्यांना जमिनीवर पडलेलं दिसलं. काही मुलं रात्री आत शिरली होती, फळ्या उलटल्या होत्या, इंजिनं तुडवली होती. काही कामांमागे वीस-पंचवीस वर्षं होती. क्लबाने मदतीसाठी ५०० पौंडांचं आवाहन केलं आणि लाखाच्या वर पौंड लोकवर्गणी जमली. गायक रॉड स्टुअर्टने त्यात १० हजार घातले. तो स्वतः या छंदातला, आणि त्याच वर्षी त्याने तेवीस वर्षं खपून उभारलेली अमेरिकन शहराची रेल्वे जगासमोर आणली. वर्गणीचा आकडा सुखद आहे, पण त्या सभासदांचं गाऱ्हाणं पैशाने फिटण्यासारखं नव्हतं. विकतचं इंजिन पुन्हा मिळतं. हाताने कौल कापून घातलेलं छप्पर पुन्हा घालायला तितकीच वर्षं लागतात, आणि बरेचसे सभासद निवृत्त झालेले.

वयाचा हा प्रश्न पुढे आणखी उघड झाला. बर्मिंगहॅमच्या एनईसी या अवाढव्य केंद्रात वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लब दर नोव्हेंबरात देशातलं सर्वांत गाजलेलं प्रदर्शन भरवत असे. कधी कधी खरं, पूर्ण आकाराचं इंजिन ट्रेलरवरून आणून हॉलमध्ये उभं करत. २०२३ चं प्रदर्शन शेवटचं ठरलं. बघायला येणारे होते, पण जबाबदारीच्या जागा घ्यायला सभासद उरले नव्हते. हे सगळं बिनपगारी काम आहे, हे लक्षात घ्यायला हवं. लेआउट घेऊन येणाऱ्याला व्हॅनचं भाडं आणि राहण्याचा खर्च मिळतो, एवढंच. आमंत्रणं पुष्कळ आधी जातात, विमा उतरवावा लागतो, विजेची प्रत्येक तार तपासून घ्यावी लागते, आणि चहाच्या टेबलाशी कोणालातरी उभं राहावं लागतं.

आपल्याकडे या वाटेवर एक माणूस मात्र दूरवर गेला होता. पुण्याचे भाऊ जोशी. १९८० च्या दशकात त्यांनी आपली मॉडेल रेल्वे पुण्यात आणि पुण्याबाहेर प्रदर्शनांतून मांडली. पण ती उचलणं, जोडणं, मोडणं हे इतकं जिवावर येणारं होतं की अखेर त्यांनी कोथरूडमध्ये कायमची जागा केली. १ एप्रिल १९९८ ला ते संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं आणि शाळेच्या सहलींमुळे पुण्यातल्या कितीतरी मुलांनी पाहिलं. स्टेशन, रस्ते, डोंगरातली गाडी, सर्कस, रात्र होऊन दिवे लागणं, सगळं एका खोलीत. इंग्लंडात हा भार चार-दोन डझन सभासद वाटून घेतात, इथे एका कुटुंबाने उचलला. आपल्याकडे हौशी नाहीत असं नाही. शहरात एक खोली वर्षभर रिकामी ठेवणं आपल्या ऐपतीबाहेरचं आहे, आणि क्लब म्हणजे मुळात ती खोली.

त्यात भारतीय रेल्वे मापाला अवघड. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर होतो. असा रूळ दुकानात मिळत नाही. मग भारतीय इंजिनं १६.५ मिलिमीटरवर चालवायची आणि ब्रिटिशांच्या ओओचंच दुखणं आणखी थोडं वाढवून घ्यायचं. लांबीचं दुखणं वेगळंच. चोवीस डब्यांची आपली गाडी १:८७ मध्ये साडेसहा मीटर भरते. कर्जत ते लोणावळा हा अठ्ठावीस किलोमीटरचा घाट करायचा म्हटलं तर ३२० मीटरच्या आसपास जागा लागेल. इंग्लंडातले लोक लहान गावांची टर्मिनस का करतात याचं उत्तर इथे आहे. एक टाकीवालं इंजिन, दोन डबे, आठ फूट. सिरिल फ्रीझर यांनी १९५७ मध्ये मासिकात छापलेला 'मायनोरीज' हा आराखडा तर शहरी टर्मिनस असूनही घडी घालून ठेवण्याजोगा होता, आणि आजही त्याच्या आवृत्त्या प्रदर्शनांतून दिसतात.

मराठी क्लबाने पहिलं लेआउट कशाचं करावं, यावर मी बरीच आकडेमोड केली आहे. घाट नको, कर्जतलाही मागे जोडायच्या इंजिनांचा पसारा आहे. नेरळ करावं. १९०७ मध्ये सुरू झालेली माथेरानची गाडी चार-सहा डब्यांची, म्हणजे लांबीचा प्रश्न सुटला. मुंबई-पुणे मार्ग शेजारून जातो, म्हणजे एकाच फलाटाच्या हद्दीत ब्रॉडगेज आणि नॅरोगेज. पावसाळ्यात नेरळहून माथेरानला जाणारी गाडी बंद असते, तेव्हा हिरवा डोंगर करायचा की ऑक्टोबरनंतरचा पिवळा, हे सभासदांनी भांडून ठरवावं.

प्रमाण मात्र १:८७ घेऊ नये, १:१०० घ्यावं. ब्रॉडगेज १६.७६ मिलिमीटर होतो, आणि एचओचा तयार रूळ १६.५. माथेरानचा ६१० मिलिमीटरचा गेज ६.१ होतो, आणि १९७२ मध्ये मार्कलिनने आणलेल्या झेड गेजचा रूळ ६.५. दोन्हीकडे चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. दोन्ही रूळ दुकानात तयार. १:१०० मध्ये भारतीय इंजिन मात्र मी आजवर कुठल्याही दुकानात पाहिलेलं नाही, डबा नाही, सिग्नल नाही, हातात कंदील घेतलेला पॉइंट्समन नाही. ते सगळं पत्रा कापून, कार्ड चिकटवून आणि आता थ्रीडी प्रिंटरवर काढून करायचं. त्यासाठी बारा-पंधरा माणसं लागतील, पाच वर्षं लागतील, आणि ठाणे-कल्याण पट्ट्यात कुठेतरी तळमजल्यावर एक खोली.