रेटा की तराजूची चूक?

एका बाजूला निमुळतं होत गेलेलं तांब्याचं बंद भांडं, आत मायक्रोवेव्ह लहरी. बाहेर काहीच फेकलं जात नाही, तरी यान पुढे सरकेल, असा ‘एमड्राइव्ह’बद्दल ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांचा दावा होता. रॉकेट मागे वायू फेकतं म्हणून पुढे जातं. इथे थेट संवेगाच्या अक्षय्यतेलाच धक्का होता.

२०१६ मध्ये नासाच्या ईगलवर्क्स गटाने निर्वात कक्षात किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा नोंदवला. हा रेटा म्हणजे जेमतेम अष्टमांश ग्रॅमचं वजन. पण तेवढ्याच शक्तीच्या प्रकाशझोताच्या रेट्याच्या सुमारे ३६० पट! हा आकडा खरा मानला, तर वेग सेकंदाला ८३३ किलोमीटरच्या पुढे गेल्यावर यानाला पुरवलेल्या विजेपेक्षा जास्त ऊर्जा मिळू लागेल. माझ्या मते संशयाला एवढं एक कारण पुरेसं होतं.

तरी कोणीतरी मोजून दाखवायलाच हवं होतं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मार्टिन टायमार यांनी ते चिकाटीने केलं. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने भांड्यात जाणारी शक्ती जवळजवळ शून्यावर आणली, आणि ‘रेटा’ तसाच राहिला! संशय तारांवर गेला: त्यांतला वीजप्रवाह आणि पृथ्वीचं चुंबकक्षेत्र यांची ती ओढाताण असावी. २०२१ मध्ये दुसरा दोषही सापडला. यंत्र तापलं की जोडणीचे भाग वाकत आणि तराजूचा शून्यबिंदू सरकत असे. मांडणी सुधारताच रेटा नाहीसा झाला.