ऊब लागली की आकसणारा पॉलिमर आणि जनुकाची ने-आण



साखर गरम पाण्यात लवकर विरघळते, हे आपल्याला माहीत आहे. पण एक पदार्थ याच्या अगदी उलट वागतो! त्याचं नाव पीनायपॅम. हा एक पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळीचा रेणू. थंड पाण्यात तो विरघळतो. 32 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तेच स्वच्छ द्रावण दुधासारखं पांढरं होतं. थंड करा, पुन्हा पारदर्शक.

असं का होतं? थंड असताना पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी साखळीला धरून असतात, म्हणून साखळी मोकळी पसरते. ऊब लागली की हे पाणी सुटतं आणि साखळी आकसून गोळा होते.

आता तुम्ही विचाराल, बोरगाव मेघेत बसून हे कशाला शिकायचं? कारण आपल्या विदर्भात सिकलसेल आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदलतं आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्यावर 'कॅसजेव्ही' हा जनुकीय उपचार मंजूर केला. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून परत देतात. अमेरिकेतली किंमत सुमारे 22 लाख डॉलर! आपल्याकडच्या मजुराच्या घराला हे कसं परवडणार?

म्हणून जनुक पेशीत पोचवण्याचे सोपे मार्ग शोधले जातात. अडचण अशी की डीएनएवर ऋण प्रभार असतो, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋणच. दोघं एकमेकांना दूर लोटतात. विषाणूंचा वाहक म्हणून वापर होतो, पण शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना अडवू शकते. पॉलिमरचा वाहक इथे कामी येऊ शकतो. त्याच्या साखळीत धन प्रभाराचा भाग जोडला की तो डीएनएला धरून ठेवतो. 37 अंशांना साखळी आकसते, गाठोडं घट्ट बसतं आणि पेशीत शिरतं. मग पेशी थोड्या थंड केल्या की गाठ सैल होते, डीएनए सुटतो. आकसण्याचं तापमान साखळीतले घटक बदलून कमी-जास्त करता येतं.

मात्र लक्षात ठेवा, हे काम अजून प्रयोगशाळेतलं आहे. सिकलसेलच्या रुग्णाला आज याचा उपयोग नाही. आज आपल्या हातात आहे ती रक्ततपासणी. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, घरीही सांगा.

विचार करा : मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 वर जातो. तरी शरीरात शिरलेल्या या वाहकाला 37 अंशच का जाणवतील?