अमेरिकेंतील एक सारथी

मातलि, दारुक, शल्य हीं नांवें आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असतात, आणि प्रत्यक्ष भगवंतांनीं अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम हातीं धरिले हें तर सांगावयास नकोच. परंतु सारथ्याच्या याच विद्येवर आमच्या काळांतही एका शेतकऱ्याच्या मुलानें अपार द्रव्य आणि लौकिक मिळविला, हें पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. त्याचें नांव स्टॅन्ली डॅन्सर. नांवाचा अर्थ नर्तक असा असला तरी नृत्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता.

मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर जी शर्यत होते तींत स्वार घोड्याच्या पाठीवर असतो. अमेरिका, फ्रान्स, स्वीडन, न्यूझीलंड या देशांत याहून निराळी एक शर्यत चालते. तींत घोड्यास दोन चाकांची, केवळ सांगाडाच म्हणावा इतकी हलकी गाडी जोडतात. तिला सल्की म्हणतात. हांकणारा घोड्याच्या शेपटीशीं पाय पसरून बसतो. खरी गोम पुढेंच आहे. घोड्यानें चौखूर उधळावयाचें नाहीं. एका प्रकारच्या शर्यतींत त्यानें दुडकीनेंच पळावयाचें, म्हणजे पुढचा उजवा व मागचा डावा पाय एकदम उचलावयाचा. दुसऱ्या प्रकारांत आपल्याकडील रहवालीप्रमाणें एका अंगाचे दोन्ही पाय एकदम पडतात. चाल मोडून घोडा उधळला, कीं हांकणाऱ्यानें त्यास आवरून पुन्हां चालीवर आणावें लागतें, आणि तोंवर इतर गाड्या पुढें निघून जातात. या घोड्यांच्या जातीचें प्रमाण १८७९ सालीं ठरलें, तेव्हां अडीच मिनिटांत एक मैल दुडकीनें काटणारा घोडा उत्तम गणला जाई. आतां तोच मैल दोन मिनिटांच्या आंत काटतात. म्हणजे घोड्याचा सारा जोर बाहेर काढावयाचा आणि तो उधळण्याच्या उंबरठ्यावरच रोखून धरावयाचा, हीं दोन परस्परविरुद्ध कामें एकाच लगामानें साधावयाचीं. ज्यानें वर्गांत मुलें सांभाळलीं आहेत त्यास या कामाची अडचण अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

डॅन्सरचा जन्म २५ जुलै १९२७ रोजीं न्यू जर्सी प्रांतांत झाला आणि न्यू ईजिप्त या खेड्याजवळच्या शेतावर तो वाढला. शाळा त्यानें आठवीपर्यंतच केली. आम्ही आयुष्यभर मुलांना आठवीच्या पुढें ढकलण्याचाच उद्योग केला, म्हणून ही गोष्ट कौतुकानें सांगवत नाहीं. पण ती खरी आहे. जवळच फ्रीहोल्ड येथें शर्यतीचें जुनें मैदान होतें. तेथें त्याचे हात तयार झाले. काळही त्यास अनुकूल होता. पूर्वीं ही शर्यत खेड्यापाड्यांच्या जत्रांतली असे. १९४० सालीं न्यूयॉर्कजवळ रूझवेल्ट मैदानावर ती रात्रीं विजेच्या प्रकाशांत सुरू झाली. १९४६ पासून मोटारीस पंखांसारखा आडवा दरवाजा जोडून घोड्यांस एका रांगेंत सोडण्याची युक्ति निघाली, आणि वारंवार फसणाऱ्या आरंभाचा कंटाळा संपला. दिवसभर काम करून दमलेले शहरवासी हजारोंनीं येऊं लागले, आणि बक्षिसांच्या रकमा वाढत गेल्या.

येथें एक प्रसंग सांगणें अवश्य आहे. डॅन्सरचें लग्न झालें तेव्हां त्याच्या पत्नीजवळ कॉलेजांत शिकण्यासाठीं सांठविलेले २५० डॉलर होते. त्या पैशांतून त्यानें कँडर नांवाचा एक घोडा घेतला. कँडरनें तीन वर्षांत सुमारें १२,००० डॉलर मिळवून दिले, आणि त्यावरच पुढील सारा डोलारा उभा राहिला. लोक ही गोष्ट धाडसाचा नमुना म्हणून सांगतात. आम्हांस मात्र ती वाचतांना प्रथम त्या मुलीचें कॉलेज आठवतें. घोडा लंगडला असता तर हाच व्यवहार कोणत्या शब्दांनीं वर्णिला गेला असता? धाडस पतीचें आणि पुंजी पत्नीची, हा प्रकार आपल्याकडेही कांहीं अपरिचित नाहीं. फक्त आपल्या घरांत घोड्याच्या ठिकाणीं बांगड्या मोडून घातलेलें दुकान असतें. एवढें खरें, कीं पुढें १९६५ सालीं हॅम्बल्टोनियन या दुडकीच्या सर्वांत मानाच्या शर्यतींत जो घोडा पहिला आला, त्याचें नांव ईजिप्शियन कँडर होतें आणि मालकी या बाईंच्याच नांवावर होती. त्यास शिकविलें डॅन्सरनें, पण हांकलें डेल कॅमरून यानें. डॅन्सर स्वतः त्या दिवशीं दुसऱ्याच घोड्यामागें बसून हरला!

नलोपाख्यानांत बाहुकरूपी नल विदर्भास एका दिवसांत पोंचण्यासाठीं जे घोडे निवडतो, ते इतके कृश असतात कीं ऋतुपर्ण राजा रागावून विचारतो, हे काय वाट चालणार? नलास जें दिसलें तें राजास दिसलें नाहीं. डॅन्सरची दृष्टि या जातीची होती. न्यूझीलंडमध्यें १९५६ सालीं जन्मलेला कार्डिगन बे हा रहवाल चालीचा घोडा एका अपघातांत कंबरेचें हाड मोडून घेऊन बसला होता. त्याची एक बाजू कायमची खालीं गेली होती. १९६४ सालीं, आठ वर्षांच्या या खच्ची घोड्यासाठीं एक लाख डॉलर मोजून डॅन्सरनें तो अमेरिकेस आणविला. २० मे १९६६ रोजीं याँकर्स येथें, चाळीस हजारांहून अधिक लोकांसमक्ष, त्यानें त्या काळचा अजिंक्य मानला गेलेला ब्रेट हॅनोव्हर यास हरविलें. पुढच्याच महिन्यांत ब्रेट हॅनोव्हरनें परतफेड केली, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु १४ सप्टेंबर १९६८ रोजीं, बाराव्या वर्षीं, कार्डिगन बेच्या एकूण बक्षिसांनीं दहा लाख डॉलरांचा आंकडा ओलांडला. या जातीच्या कोणत्याही घोड्यास तोंवर तें साधलें नव्हतें. आणि तें घडलें फ्रीहोल्डच्याच मैदानावर, जेथें डॅन्सरनें प्रथम लगाम धरिला होता. न्यूझीलंडनें या घोड्याचें टपालाचें तिकीट काढलें आणि त्यास म्हातारपणीं मायदेशीं परत नेलें.

नेव्हेल प्राइड हा अगदीं उलट मासला. अंगानें धड, पण स्वभावानें दुष्ट. चावे, लाथा झाडी. डॅन्सरनें त्याचा तो राग न मोडतां चालींत वळविला. १९६८ सालीं दुडकीच्या तिन्ही मानाच्या शर्यती त्यानें जिंकल्या, आणि १९६९ सालीं इंडियानापोलिस येथें १ मिनिट ५४.८ सेकंदांत मैल काटून ग्रेहाउंड या घोड्याचा ३१ वर्षें अभंग राहिलेला विक्रम मोडला.

पुढील यशाची यादी लांबलचक आहे. १९६४ सालीं एका हंगामांत दहा लाख डॉलर मिळविणारा तो पहिलाच सारथी ठरला होता. हॅम्बल्टोनियन त्यानें स्वतः हांकून चारदां जिंकली : १९६८, १९७२, १९७५ आणि १९८३. शेवटच्या खेपेस गाडीस डुएना नांवाची घोडी होती. एकूण विजय ३,७८१. मध्यंतरीं गाड्या उलटल्या, हाडें मोडलीं, आणि बरीं होतांच तो पुन्हां सल्कींत बसला.

या सर्व द्रव्याचें मूळ जुगारांत आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पैजेवर पैसा लागल्यावांचून मैदान चालत नाहीं. ऋतुपर्णानें नलास अक्षहृदय म्हणजे फांशांची विद्या दिली आणि नलानें त्यास अश्वहृदय दिलें. महाभारतकारांनीं या दोन विद्या एका रथांत बसविल्या, यांत मोठें मर्म आहे. फरक इतकाच, कीं त्या रथांतील दोघांस एकेक विद्या तरी पुरती येत होती. शर्यतीच्या मैदानावर ज्यास घोडा कळतो तो गाडींत असतो, आणि खुर्चीवर बसून ज्यांचे पैसे जातात त्यांस बहुधा दोहोंपैकीं एकही येत नाहीं. या कारणानें आम्ही आमच्या घरांतील तरुणांस डॅन्सरचें चरित्र देऊं, मैदानाचा रस्ता दाखविणार नाहीं.

डॅन्सर पहांटे घोडे स्वतः शिकवी आणि रात्रीं स्वतः हांकी. पुढच्या पिढींत हीं कामें बहुतेक वेगळीं झालीं. कॅनडांतून आलेला जॉन कॅम्बेल मुख्यतः दुसऱ्यांनीं शिकविलेले घोडे हांकूनच दहा हजारांवर शर्यती जिंकला. आंकड्यांत तो डॅन्सरच्या फार पुढें आहे. पण लंगडा घोडा पाहून थांबण्याचा प्रसंग अशा सारथ्यावर क्वचितच येतो.

८ सप्टेंबर २००५ रोजीं फ्लोरिडांत पॉम्पानो बीच येथें डॅन्सर वारला. रूझवेल्टचें मैदान १९८८ सालींच मोडलें होतें. फ्रीहोल्ड आणखी कांहीं वर्षें तग धरून होतें. तेथील शेवटची शर्यत डिसेंबर २०२४ मध्यें झाली.