सराट्याचा काटा : हत्यार की प्रवासाचं तिकीट?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली आलेला खेळ तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. त्यात ‘कॅलट्रॉप’ नावाचं हत्यार मिळतं. एका पिशवीत वीस नग. पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत पसरायचे, पाय पडला की गडी जागीच थबकला! हे वाचून मला हसू आलं, कारण छत्रपती संभाजीनगरात पावसाळा संपला की विद्यापीठामागच्या लेणीच्या रस्त्यावरून फिरून आलं की हेच हत्यार चपलेत फुकट मिळतं. आपला सराटा, म्हणजेच गोखरू.

खऱ्या युद्धातही घोडे आणि हत्ती अडवायला लोखंडी गोखरू पसरत. रोमन लोक काटेरी झाडाला आणि हत्याराला एकच शब्द वापरत, ‘ट्रिब्युलस’. लिनियसने १७५३ मध्ये सराट्याला ‘ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस’ हे नाव दिलं. लोखंडी गोखरूला चार टोकं असतात. कसाही फेका, तीन जमिनीवर टेकतात आणि चौथं वर राहतं. सराट्याचं वाळलेलं फळ पाच तुकड्यांत फुटतं. प्रत्येक तुकड्यावर दोन मोठे आणि दोन लहान काटे. म्हणून सायकल पंक्चर होते.

आता मुद्द्यावर येते. माझ्या पहिल्या आराखड्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, ‘काटे बीजाच्या संरक्षणासाठी असतात.’ गाईडनी पेन्सिलने एकच शब्द लिहिला : ‘कुणापासून?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘हत्यार’ या उपमेने माझ्या डोक्यात निष्कर्ष आधीच बसवला होता.

कारण दुसरी शक्यता तेवढीच भक्कम आहे : काटा खुरात, चपलेत, टायरमध्ये अडकतो आणि बी दूर जातं. शिवाय काटा आणि कठीण कवच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून फिंच पक्षी अभ्यासले. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या. सराट्याच्याच भाऊबंदाची कठीण फळं उरली. ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी जास्त जगले. इथे चोचीची गाठ मुख्यतः कवचाशी पडली. म्हणजे ‘फळ संरक्षित आहे’ यावरून ‘काटा संरक्षण करतो’ असं आपोआप सिद्ध होत नाही.

मग तपासायचं कसं? एकाच जागेची फळं गोळा करा. निम्म्यांचे काटे कापा, उरलेली तशीच ठेवा. पण तीही तेवढीच हाताळा, नाहीतर तुलना बिघडते. एक प्रयोग : दोन्ही गट उघड्यावर ठेवून कुठली फळं जास्त खाल्ली जातात ते मोजा. दुसरा : दोन्हींवरून चपलेने ठरावीक पावलं चाला आणि किती चिकटली ते मोजा. सावधान, ‘गायब झालं’ म्हणजे ‘खाल्लं गेलं’ नव्हे. मुंगीने किंवा उंदराने उचलून नेलेलं बी कदाचित रुजेलही. म्हणून फुटलेली टरफलं शोधा, जमलं तर कॅमेरा लावा.

कापलेली आणि न कापलेली फळं सारखीच खाल्ली गेली, तर संरक्षणाचा दावा कमकुवत होतो. दोन्ही प्रयोगांत फरक दिसला, तर काटा दोन्ही कामं करत असेल. तेही उत्तरच आहे.

तुमचा आराखडा आज उघडा आणि ‘साठी’ हा शब्द शोधा. जिथे सापडेल तिथे समासात लिहा : ‘कशावरून?’